टेबल बदललं की

बँकेत माणसाला एका टेबलावर फार वर्षं बसू देत नाहीत. कॅशवाला कायम कॅशच सांभाळत राहिला, कर्जवाला त्याच त्या फायली चाळत राहिला, की कुठेतरी काहीतरी मुरायला लागतं आणि मुरलेलं बाहेर काढायला ऑडिटर यावा लागतो, असा जुना अनुभव. म्हणून टेबलं बदलतात, शाखा बदलतात, कधी माणसाला सक्तीने रजेवर धाडतात. तो रजेवर गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसला की दडवलेलं आपोआप वर येतं. ही सगळी सोय अफरातफर रोखायला केलेली. मला मात्र तिचा दुसराच उपयोग जास्त पटलेला आहे. शेजारच्या खुर्चीतला माणूस मुळात कसा आहे हे कळायला याहून चांगली परीक्षा मी पाहिलेली नाही. पुण्याहून लॅपटॉप घेऊन येणाऱ्या ट्रेनरकडेही ती नसते.

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. नोकरीतला मोठा काळ दोन शाखांत गेला, एक मार्केट यार्डाकडची आणि दुसरी पेठेतली. यार्डाकडे हळदीचे व्यापारी, अडते, हमाल, तोलाईदार. हंगाम भरात आला की काउंटरवर येणाऱ्या नोटाही पिवळ्या असायच्या, आणि दिवसभर त्या मोजणाऱ्याचे हात संध्याकाळी हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसायचे. पेठेत किराणा, भुसार, कापड, भांडी. गिऱ्हाईक निराळं, बोलण्याची पट्टी निराळी, पण टेबलं दोन्हीकडे तीच.

यार्डाच्या शाखेतल्या कॅशियरना सगळे काका म्हणायचे. मशीनमधून बंडल गेलं तरी काका ते पुन्हा हाताने मोजत, ओल्या स्पंजावर बोट टेकवून, ओठांतल्या ओठांत. रांग दारापर्यंत जायची. एखादा अडत्या वैतागून म्हणायचा, "काका, मशिनीवर इस्वास नसंल तर इकून टाका की ती." काका मान वर करायचे नाहीत. काका संथ आहेत, याबद्दल शाखेत दुमत नव्हतं. पिग्मी एजंटांपासून विभागीय अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्यांच्या नावापुढे तो शेरा मनातल्या मनात मारून ठेवला होता.

मग काकांना कर्जाच्या टेबलावर बसवलं. आता स्टॉक स्टेटमेंटं, नजरगहाणाचे करार, जामीनदारांचे उतारे महिना महिना पडून राहणार, असं धरून मॅनेजरांनी आधीच दोन-तीन मोठ्या गिऱ्हाइकांची समजूत काढून ठेवली. आणि काकांनी फायली झपाट्याने हातावेगळ्या करायला सुरुवात केली. त्या टेबलावर तितका चटपटीत माणूस आम्ही आधी पाहिला नव्हता. गंमत वाटली, पण कारण अगदी साधं होतं. कॅशमध्ये संध्याकाळी पाचशेची एक नोट कमी भरली तर ती कॅशियरने खिशातून घालायची. कर्जाच्या फायलीत काही राहून गेलं तर ते चार-पाच सह्यांमध्ये वाटलं जातं. कॅशच्या पिंजऱ्यात बसून भराभर मोजणारा माणूस हुशार समजायचा की बेफिकीर, हा प्रश्नच आहे. काकांचा संथपणा त्या पिंजऱ्याच्या मालकीचा होता, ते उठले तेव्हा तो तिथेच राहिला, आणि पुढच्या कॅशियरला महिन्याभरात चिकटला.

काकांचं स्वतःचं असं जे होतं ते दोन्हीकडे दिसलं. हातातलं संपल्याशिवाय उठायचं नाही. कर्जाच्या टेबलावर चहा समोर निवून जायचा, फोन वाजून वाजून थांबायचा, मॅनेजर केबिनमधून दोनदा हाक मारायचे. काका फाईल बांधून, नाडीची गाठ मारून मगच उठायचे. कॅशमध्ये असताना ही सवय कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण रांग समोर असताना कॅशमधून कुणालाच उठता येत नाही.

यावर मानसशास्त्रात मोठा वाद होऊन गेलेला आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. परीक्षेत उत्तर चोरायची संधी ठेवली, खेळात गुण वाढवून सांगायची संधी ठेवली, पैसे उचलायची संधी ठेवली. परीक्षेत फसवणारं पोर खेळातही फसवेल असं धरून चाललं तर अंदाज फारसा खरा ठरत नव्हता. पुढे १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी असे पुष्कळ अभ्यास एकत्र मांडून सांगितलं की, माणसाच्या स्वभावाचं माप आणि एखाद्या ठिकाणचं त्याचं प्रत्यक्ष वागणं यांतला सहसंबंध (तंतोतंत जुळलं तर १, काहीच संबंध नसेल तर ०) साधारण ०.३ च्या पुढे जात नाही. त्यावर बरीच वर्षं धुरळा उडाला. मग दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की एका प्रसंगावरून कसला अंदाज बांधता, पुष्कळ दिवसांचं वागणं गोळा करा, सरासरी काढा, म्हणजे माणूस बऱ्यापैकी स्वतःसारखाच वागताना दिसेल. दोघांचंही खरं असावं. बँकेच्या नोकरीत निदान दोन्ही दिसतं, फक्त एकाच टेबलावरचे पुष्कळ दिवस गोळा करून उपयोग नाही. टेबलंही पुष्कळ लागतात.

आमच्याकडे ट्रेनर आला होता तो याच विषयावर. विश्रामबागेकडच्या एका हॉटेलचा हॉल, एसी जोरात, दुपारच्या जेवणात बासुंदी, त्यामुळे हजेरी भरगच्च. प्रत्येकाला प्रश्नांचा कागद, आणि उत्तरांवरून रंग. लाल म्हणजे हुकूम सोडणारा, पिवळा म्हणजे बोलघेवडा आणि उत्साही, हिरवा म्हणजे सांभाळून घेणारा, निळा म्हणजे काटेकोर. मग लालने निळ्याशी कसं बोलावं, पिवळ्याला हिरव्याने कसं झेलावं, याची नाटुकली झाली. सांगली ही विष्णुदास भाव्यांची, इथे १८४३ मध्ये मराठी नाटक उभं राहिलं, त्यामुळे स्टेजवर जायला कुणी मागे राहत नाही. वसुलीचे एक साहेब तर हिरव्याच्या भूमिकेत इतके रंगले की टाळ्या थांबेनात. प्रत्यक्षात त्या माणसाला बघून थकबाकीदार मागच्या दाराने जातात.

या चार रंगांचं मूळ विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ च्या मांडणीत आहे. हाच गृहस्थ रक्तदाबावरून खोटं ओळखायची चाचणी बसवण्यासाठीही ओळखला जातो, आणि पुढे कॉमिकमधली वंडर वुमनही यानेच निर्माण केली. एका आयुष्यात किती टेबलं! पण प्रश्नांचा कागद मात्र त्याने काढला नव्हता, तो नंतर दुसऱ्यांनी तयार केला. दुसरी लोकप्रिय चाचणी सोळा प्रकारांची. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी कार्ल युंगच्या १९२१ च्या विचारांवरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवली, नव्याने कामावर येणाऱ्या बायकांना सोयीचं काम सापडावं म्हणून. हेतू चांगला. पण काही आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरला तर पुष्कळांचा प्रकार बदलतो, हे तिचं जुनं दुखणं आहे. सोळा डबे करायला प्रत्येक मापाची मधोमध दोन शकलं करावी लागतात, आणि माणसं तर मधोमधच दाटीने असतात. जरा इकडे तिकडे झालं की डबा बदलला.

संशोधक मंडळी आता बहुतेक करून पाच मापांवर भिस्त ठेवतात: नव्याची ओढ, कामातला नेटकेपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि काळजी करत बसणं. तिथे डबे नाहीत, कमी-जास्त आहे. त्यांची सुरुवातही गमतीची. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश घेऊन माणसाच्या वागण्याचं वर्णन करणारे शब्द वेचले, ते भरले १७,९५३. पुढच्या लोकांनी ते चाळून चाळून पाचावर आणले. आपल्याकडे समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खलक्षणं दिली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची वेगळी. तिथे माणसाला रंग नाही की डबा नाही, तो काय करतो तेवढंच ओळीने सांगितलंय. मला ही रीत जास्त आवडते. कारण काय करतो ते बदलता येतं, रंग कसा बदलायचा?

तरी ट्रेनिंग अगदीच वाया गेलं असं म्हणणार नाही. नंतर पंधरा-वीस दिवस शाखेत कुरबुरी कमी झाल्या. "अरे तो लाल आहे, त्याचं मनावर घेऊ नकोस," असं म्हणून माणसं राग गिळत होती. भांडणाला एक सभ्य भाषा मिळाली होती. पण प्रत्येकाला आपापला अहवाल अगदी तंतोतंत वाटला, यात मला काही नवल दिसलं नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या स्वभावाचं वर्णन ठेवलं. पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, म्हणजे जवळजवळ 'अगदी मीच'. मग फोररनी सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही भविष्याच्या पुस्तकातून उचललेल्या वाक्यांचा. आणि आमच्या बाबतीत आणखी एक मेख होती. कागद भरताना माणूस आपल्या चालू टेबलावर बसूनच भरतो. 'तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा तपासता का?' याला कॅशियर काय उत्तर देणार? तो निळाच निघणार. त्याच माणसाने वर्षापूर्वी ठेवींच्या टेबलावरून तोच कागद भरला असता तर बहुधा पिवळा निघाला असता, कारण मार्चएंडला ठेवी गोळा करायच्या तर दारोदार हसत बोलावंच लागतं.

कागदाशिवाय माणसं ओळखणारा एक जण मात्र आमच्या पेठेच्या शाखेत होता. शिपाई. सगळ्यांचे मामा. मामांना चहा कुणाला कधी द्यायचा, कोणती फाईल साहेबांच्या टेबलावर वर ठेवायची आणि कोणती खाली, कुणाला तोंडावर सांगायचं आणि कुणाला तिसऱ्याकडून कळू द्यायचं, हे सगळं पाठ. नवीन अधिकारी आला की आठवड्यात मामांचा निकाल लागायचा. एकदा मला म्हणाले, "मॅडम, ह्यो साहेब सकाळचा हाय. जे काय इचारायचं ते बारापत्तोर इचारा. जेवल्यावर त्यो न्हाईच म्हनतोय सगळ्याला." खरोखरच तसं होतं. आम्ही त्यांना नकारघंटा म्हणून मोकळे झालो असतो. मामांनी त्यांना घड्याळ लावलं होतं.

पेठेतल्या स्ट्राँगरूमची गोष्ट मामांचीच. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे, एकट्याच्याने दार उघडत नाही. आमच्या कॅशियर ताई वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर, पदर खोचून, किल्ली हातात. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती ते साहेब मिरजेहून स्कूटरवर येत आणि शेवटच्या क्षणाला पोचत. उशीर असा कधीच नाही, पण वेळेआधी एक मिनिटही नाही. ताईंची ती वीस मिनिटं म्हणजे रोजचं तापणं. साहेब आत येईपर्यंत त्या इतक्या तापलेल्या असत की 'गुड मॉर्निंग'सुद्धा तोलून दिलं जायचं. आणि साहेबांना कळेना की आपण वेळेवर येऊनही ही बाई आपल्यावर का डाफरते. मॅनेजरांनी दोघांना बसवून समजावलं. ताई म्हणाल्या, मी कशाला उशिरा येऊ? साहेब म्हणाले, मी कशाला लवकर येऊ? दोघांचंही बरोबर. मामांनी काय केलं, ताईंचा सकाळचा चहा काउंटर उघडल्यावर द्यायचे तो आधीच्या वीस मिनिटांत आणला, आणि चहाबरोबर पासबुक प्रिंटरचं खोललेलं झाकण ताईंसमोर ठेवून म्हणायला लागले, "ताई, ह्यात जरा बगा की काय अडाकलंय." प्रिंटरला तर रोज काहीतरी होतच असतं. ताई कामात, डोकं थंड, साहेब हजर, दार उघडलं. दोघांपैकी कुणीही तसूभर बदललं नाही.

"संकटात माणूस कळतो" असं आपण सर्रास म्हणतो. माझा अनुभव उलटा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मी पेठेत होते. सांगलीकर पुराच्या दिवसांत एकमेकांना फक्त आकडा विचारतात. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी ते ५७ च्याही वर गेलं. पाणी पेठेकडे सरकायला लागलं तेव्हा शाखेतल्या सगळ्यांनी एकच केलं. रोकड आणि सोनेतारणाची पाकिटं व्हॅनमधून दुसऱ्या शाखेत गेली, कॉम्प्युटर जिन्यावर चढले, फायली हातोहात वर गेल्या. भित्रा, धीट, आळशी, तापट, कुणीही निराळं वागलं नाही. ती साखळी बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की हे सगळे एकाच आईची लेकरं. मिशेल आणि त्यांच्यानंतरच्या लोकांनी याला 'बलवान परिस्थिती' असं नाव दिलेलं आहे: जिथे परिस्थितीच काय करायचं ते ठणकावून सांगते तिथे स्वभाव गप्प बसतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत रांगा लागल्या तेव्हाही असंच झालं होतं, सगळे सारखेच दमले, सारखेच खेकसले.

माणसं वेगवेगळी दिसली ती पाणी ओसरल्यावर. शाखेत चिखल, भिंतींना ओल, वर नेऊनही काही गठ्ठे भिजलेले. काम कसं करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं, वरून फक्त 'पूर्ववत करा' एवढा आदेश. एकाने भिजलेले कागद तारखेप्रमाणे वाळत घातले. दुसरीने गिऱ्हाइकाप्रमाणे. दोघांत त्यावरून चांगलीच जुंपली, कागद वाळायचे राहिले बाजूला. एक जण दिवसभर शेजारच्या दुकानांतून फिरत राहिला, कुणाची साखर गेली, कुणाची मिरची, कुणाचे कापडाचे तागे. हा काम टाळतोय म्हणून आम्ही कुजबुजलो. पंचनाम्याच्या वेळी कुठल्या खातेदाराचं काय गेलं याची खडान्‌खडा माहिती शाखेत फक्त त्याच्याकडेच निघाली. आणि एक कारकून तीन दिवस आलाच नाही. त्याच्या स्वतःच्या घरात छातीएवढं पाणी होतं, हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. आदल्या आठवड्यात फायलींच्या साखळीत तो सगळ्यांत पुढे होता.

त्या आठवड्यात मी जे पाहिलं त्यावरून आजही माणसांना कामं वाटून देते. कुणाला काय जमतं हे मार्चएंडच्या धावपळीत बघायला जाऊ नये. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर, डे-एंड व्हायला अवकाश असताना, सिस्टीम अडकून सगळे हात बांधून बसलेले असताना बघावं. तेव्हा कोण ड्रॉवर आवरायला घेतो, कोण शेजारच्याच्या लेकीच्या ॲडमिशनची चौकशी करतो, कोण मोबाईलमध्ये तोंड खुपसतो, कोण उगाचच उठून स्टेशनरीचं कपाट लावतो. तिथे खुर्ची काही सांगत नसते.

जुळवून घेणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचे एक मॅनेजर होते, त्यांच्या तोंडी कायम एकच, "करूया की." सांगलीत हे दोन शब्द म्हणजे होकारही आणि बोळवणही. संचालकांचा फोन आला, करूया की. कर्ज मागणारा आला, करूया की. मी जाऊन म्हटलं, साहेब, हे नियमात बसत नाही, तर मलाही तेच, "बरोबर आहे मॅडम, तसंच करूया की." मग तीच फाईल माझ्या आणि त्यांच्या टेबलामध्ये महिनाभर येरझारा घालायची. नाही म्हणायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडायचं, आणि पेठेत माझं नाव झालं 'खडूस मॅडम'. (माझ्याआधी त्या टेबलावर बसणारे साहेब माझ्यापेक्षा दुप्पट अर्ज परत लावायचे. त्यांना पेठ 'शिस्तीचा माणूस' म्हणायची. ही खुर्चीची नव्हे, त्याहून जुनी गोष्ट आहे, आणि तिला अजून कुणी चाचणी काढलेली नाही.)

पुढे या करूया-कींची बदली मुख्य कार्यालयात वसुलीला झाली. आम्ही सगळे हसलो. वसुलीत आवाज लागतो, जीप लागते, सहकार कायद्यातल्या कलम १०१ चा वसुली दाखला दाखवावा लागतो, अशी आमची कल्पना. एकदा त्यांच्याबरोबर तासगावकडे एका द्राक्षवाल्याकडे जाण्याचा योग आला. कर्ज थकलेलं, बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये पडून, भाव नाही म्हणून गडी माल काढायला तयार नाही. साहेब पडवीत बसले. बेदाण्याचं बोलले, पावसाचं बोलले, कुठल्या वर्षी काय भाव फुटला होता ते त्याच्याकडून ऐकून घेतलं. कर्जाचा विषयच काढेनात. मी घड्याळ बघते आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे. दुसरा चहा झाल्यावर तो माणूस आपणहून म्हणाला, "साहेब, निम्मा माल काढतो बगा ह्या सौद्याला. तुमचं हप्त्याचं करूया." साहेब म्हणाले, "करूया की."

माणूस तोच, शब्द तेच. मॅनेजरच्या खुर्चीत याच गुणाने निम्मी शाखा वेठीला धरली होती. वसुलीत तो वर्षाअखेर सगळ्यांत पुढे होता. काकांच्या बाबतीत खुर्चीबरोबर माणूस बदलला, यांच्या बाबतीत माणूस जिथल्या तिथे राहिला आणि त्याची किंमत बदलली. ही दोन प्रकरणं एका सूत्रात बसवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. बसत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांनी वसुली कितीही केली असली तरी माझ्यावर परत कधी ते मॅनेजर म्हणून येऊ नयेत असंच मला वाटतं.

शेवटचं उदाहरण सगळ्यांत ताजं. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा भरती झाला, जत तालुक्यातला. काम स्वच्छ, अक्षर सुरेख, पण बोलणं नाही. मीटिंगमध्ये विचारलं तर "हो मॅडम," नाही तर "बघतो मॅडम." डबा खाताना सगळे हसत-खिदळत असताना हा आपला भाकरी मोडत खाली मान घालून. एक-दोघांनी ठरवून टाकलं की पोरगा शिष्ट आहे. ट्रेनरच्या कागदावर तो अंतर्मुख आला, आणि आम्ही अगदी समजूतदारपणे त्याला बॅक ऑफिसचं काम दिलं. क्लिअरिंग, केवायसीची कागदपत्रं, माणसांशी संबंध कमी. सहा-आठ महिने तो तिथे होता आणि तक्रार कसली ती नव्हती.

मग एका सोमवारी काउंटरवर कर्नाटकातल्या अथणीकडचे दोन व्यापारी आले. मराठी मोडकंतोडकं, खात्यात काहीतरी गुंता, आमची कॅशियर एक सांगते आहे आणि ते भलतंच समजताहेत. मागच्या टेबलावरून हा उठला आणि कन्नडमध्ये सुरू झाला. हातवारे काय, हसणं काय, एकाच्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्याची फिरकी काय घेतो आहे! अर्धा तास ती बडबड चालली होती. गुंता सुटला, वर दोन मुदत ठेवी झाल्या. आम्ही सगळे आपापली कामं सोडून त्याच्याकडे बघत बसलो होतो.

नंतर मी विचारलं तर लाजत म्हणाला, "मॅडम, घरात कन्नडच असतंय. शाळा मराठीत झाली, पण इथलं बोलणं लई फास्ट हाय. मी मनात वाक्य जुळवोस्तोर तुमचा इषय पुढं गेलेला असतोय." जतच्या पूर्व भागात घराघरांतून कन्नड चालतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चाचणीच्या कागदावर मात्र 'तुम्ही घरी कोणत्या भाषेत बोलता' असा प्रश्नच नव्हता. गर्दीत गप्प राहता का, एवढंच विचारलं होतं. त्याने खरं उत्तर दिलं.

मामा तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांना मी म्हटलं, तुम्हाला हे कसं दिसलं नाही? तर मामा म्हणाले, "दिसलं व्हतं की. त्यो माज्याशी बोलतोय. माजी आई तिकडचीच न्हवं का, जमखंडीची." आणि मग थोडं थांबून, "तुमी कुटं इचारलं मला?"

यंदाच्या बदल्यांत त्या मुलाला जत भागातल्या आमच्या शाखेत पाठवलं, कर्जाच्या टेबलावर. सोबत त्याची फाईल गेली, तिच्यात ट्रेनरचा तो अहवालही होता. परवा तिथल्या मॅनेजर मॅडमचा मला फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं, पाऊस, द्राक्षांच्या छाटण्या. मग म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. तुमच्याकडून जो मुलगा आलाय ना, काम चांगलं आहे हो, पण फार बोलतो. गिऱ्हाईक उठतच नाही त्याच्यासमोरनं. तिकडे याला कसं आवरत होता तुम्ही?"